हार्योनो, इंडोनेशिया

चिमणभाईने गालावर साबणाचा ब्रश फिरवायला घेतला, तेव्हा लाहू वरठाला समोरच्या आरशात दोन लाहू दिसले. एक खुर्चीत बसलेला, मानेला पांढरं फडकं बांधलेला, अर्धं तोंड फेसात. दुसरा त्याच्या मागे भिंतीवर, काचेत मढवलेला, एका बाजूला गणपती आणि दुसऱ्या बाजूला शाम्पूच्या जाहिरातीतली बाई घेऊन, हातात चांदीच्या रंगाचा कप. फोटोखाली लाल रंगात सुबक, आरशात उलट्या दिसणाऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: हार्योनो, इंडोनेशिया. आपला फोटो डहाणूच्या भर बाजारात एका सलूनमध्ये इतकी वर्षं टांगलेला आहे आणि आपल्याला कुणी सांगितलंही नाही. पण सांगणार कोण, आणि कुणाला? तो डहाणूत दाढीला कधी बसलाच नव्हता. तळासरीकडच्या त्यांच्या पाड्यावर दाढी एकमेकांची करायची पद्धत होती. आज बायको म्हणाली होती, "दुकानात जाऊन कर. नोकरीला चाललास, जरा माणसासारखा दिस." तसा तो माणसासारखा दिसायला आला होता आणि समोर हे दिसत होतं.

"बघतो काय, पाहुणा हाय आपला," चिमणभाई वस्तरा चामड्यावर घासत म्हणाला. "इंडोनेशियाचा. आपल्या क्लबमधून खेळून गेला. सत्त्याऐंशीचा कप, अठ्ठ्याऐंशीचा कप, सगळा त्याचाच. तू गावाकडचा, तुला काय माहीत असणार." लाहूला बरंच माहीत होतं. पण वस्तरा आता कानाखाली टेकला होता, आणि कानाखाली वस्तरा असताना माणूस ऐकून घेतो. अकरा वाजता पारनाक्याच्या मैदानावर निवड होती. समुद्राकडे नवा वीज प्रकल्प उभा राहत होता, त्यांना फुटबॉलची टीम काढायची होती, आणि टीममध्ये घेतलं की कायमची हेल्परची नोकरी. अट एकच: आधी कुठल्या तरी क्लबातून खेळलेला पाहिजे, आणि ते क्लबच्या माणसाने तिथे उभं राहून तोंडाने सांगितलं पाहिजे. क्लबचा माणूस म्हणजे एकनाथ चुरी. चुरीसाहेबांनी एवढंच म्हणायचं होतं, की हा लाहू वरठा, आमच्याकडून खेळला. आणि एवढंच ते म्हणू शकत नव्हते, कारण लाहू वरठा त्यांच्याकडून कधी खेळलाच नव्हता. खेळला होता तो भिंतीवरचा.

ही शक्कल शहाऐंशी साली चुरींच्या डोक्यातून निघाली. ते स्टेशनात तिकिटं द्यायचे आणि उरलेल्या वेळात क्लब चालवायचे. खरं म्हणजे उलटं. उंबरगावच्या टीमने त्या वर्षी गोव्याहून दोन खेळाडू आणले आणि डहाणूचा सहा गोलांनी धुव्वा उडवला. चुरींनी आठवडाभर जेवण टाकलं आणि मग ठरवलं की आपण परदेशातूनच आणू. परदेशी माणूस कुठून मिळणार हा प्रश्न त्यांना पडला नाही. कुठला म्हणायचा हा पडला. नेपाळी म्हणावं, तर गावातला प्रत्येक रखवालदार येऊन त्याच्याशी बोलणार. आफ्रिकेचा म्हणावं, तर मुंबईच्या टीमांत ते असतात, कुणीही ओळखेल. लंका रोज पेपरात. इंडोनेशियाहून मात्र डहाणूत कुणी आलं नव्हतं आणि डहाणूतून तिथे कुणी गेलं नव्हतं. भूगोलाच्या सरांनासुद्धा तो नकाशात थोडा शोधावा लागला. चुरींना देश सापडला, मग खेळाडू सापडला. लाहू गवताच्या गाठींच्या ट्रकवर बसून तळासरीहून डहाणूच्या वखारीत आला होता. मैदानातून उडालेला बॉल वखारीत आला, आणि त्याने तो पायावर झेलून, थोडा वेळ पायावरच ठेवून, मग परत दिला. तो का ठेवला, हे चुरींनी नंतर विचारलं. लाहूच्या आश्रमशाळेत सरकारने एकदा पेटी भरून फुटबॉल पाठवले होते, पण पंप पाठवला नव्हता. पंपासाठी अर्ज गेला, तो अजून जातोच आहे. त्यामुळे सगळी मुलं बिनहवेच्या बॉलने खेळायला शिकली. असा बॉल उडत नाही, घरंगळत नाही. त्याला पायाने समजावत पुढे न्यावं लागतं. हवा भरलेला बॉल लाहूने पहिल्यांदा डहाणूत पाहिला, आणि तो एवढा आज्ञाधारक पाहून त्याला जरा शरमच वाटली.

वेशांतर म्हणजे बूट. बाकी काहीच केलं नाही. चुरींनी त्याला बूट दिले, मोजे दिले, दहा नंबरचा शर्ट दिला आणि दोन गोष्टी सांगितल्या: हसायचं नाही, बोलायचं नाही. "इंडोनेशियाचे लोक हसत नाहीत का?" लाहूने विचारलं. "आता तू ठरवशील तसं," चुरी म्हणाले. "पण तू हसलास की तळासरीचा दिसतोस." आणि त्या दिवसापासून त्यांनी त्याला कधी लाहू म्हटलं नाही. मैदानावर नाही, क्लबच्या खोलीत नाही, दोघंच चहा पीत असले तरी नाही. सवय मोडता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. तोंडातून एकदा खरं नाव निघालं की ते रस्ता शोधत बसतं. पुढे पुढे तर लाहूला वाटायचं, की यांना आपलं नाव खरोखर आठवत नसावं.

"मान वर," चिमणभाई म्हणाला.

लाहूने मान वर केली, तसा फोटोतला माणूस आरशातून खाली सरकला. आरसा जुना होता, कडेला पारा उडालेला. त्यात हार्योनोच्या कपाळाला डाग पडले होते. तो कप लाहूला बोर्डीच्या वाडीवाल्या शेठनी दिला होता. लाहू त्याच शेठच्या वाडीत चिकू उतरवायला जात असे. त्या आठवड्यातही गेला होता, जाळीची काठी घेऊन, आणि शेठ झाडाखाली उभे राहून "कच्चे नको, कच्चे नको" म्हणत वर बघत होते. वर म्हणजे चिकूंकडे. मैदानावर शेठनी त्याचा हात हातात घेतला, दाबला, आणि चुरींना विचारलं, "हे लोक खातात काय?" चुरींनी बेधडक सांगितलं, "भात." शेठ म्हणाले, "म्हणजे आपल्यासारखंच की," आणि त्यांना गहिवरून आलं. लाहूचा हात अजून त्यांच्या हातात होता. त्या हातावर त्यांच्याच चिकूंचा चीक होता, काळा पडलेला, साबणाने न निघणारा. शेठनी तो बघितला, आणि परदेशात खेळाडू हाताला काहीतरी औषध लावत असतील, असा चेहरा केला.

पाड्यावर मात्र सगळ्यांना माहीत होतं. सामना असला की ट्रक भरून माणसं यायची, आणि सगळ्यात मोठ्याने "हार्योनो" म्हणून ओरडायची ती तीच. लाहूची आई पदर तोंडात कोंबून बसायची, कारण तिला हसू आवरायचं नाही. म्हातारा चैत्या मुद्दाम पुढे जाऊन कुण्या मास्तरला विचारायचा, "यो पोऱ्या कठला, साहेब?" मास्तर त्याला समजावून सांगायचा: समुद्रापलीकडे असे देश असतात, बाबा. चैत्या मान हलवायचा, आणि परत येताना ट्रकमध्ये मास्तरची नक्कल करायचा. एवढी माणसं एवढी वर्षं एकदाही फुटली नाहीत. ते गुपित त्यांना भारी आवडलं होतं. डहाणूत त्यांचं स्वतःचं म्हणावं असं काही असेल तर तेवढंच. त्यांची गंमत होती आणि लाहूचा गळा धरला जात होता, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. गोलसमोर मोकळा उभा असतानाही त्याला बॉल मागता येत नसे. दहा माणसं "दे दे" करत धावायची, आणि हा हात वर करून उभा, शाळेत लघवीला जायची परवानगी मागावी तसा. मग हे घरात शिरलं. विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेत बायकोबरोबर, नवशीबरोबर, बांगड्या बघत असताना डहाणूचा एक मास्तर समोर येऊन टक लावून उभा राहिला, आणि लाहूची वाचाच बसली. मास्तर गेला, वाचा आली नाही. देवळाच्या पायरीवर, जेवताना, घरी येईपर्यंत तो मुका. नवशी आधी हसली, मग चिडली, मग चुलीसमोर पाठ करून म्हणाली, "मैदानावर तू कोन बी हो. घरात तरी लाहू हो ना."

"आता कुठे असतो तो?" लाहूने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मोठा झाला भाय," चिमणभाई दुसऱ्या गालाकडे वळला. "दर वर्षी बक्षीस समारंभात चुरीसाहेब खबर देतात ना. आधी जकार्ताला होता. मग बदली झाली सुराबायाला. तिथे कॅप्टन झाला. मध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालं, बिचारा वर्षभर बसून होता, आम्ही इथे नारळ ठेवला. मग लगन झालं. बायको शिकलेली हाय, बँकेत." वस्तरा हवेत थांबवून त्याने जरा विचार केला. "दोन मजली घर बांधलंय, म्हणतात."

लाहू फडक्याखाली बोटांवर वर्षं मोजू लागला. म्हणजे आपण गवताच्या गाठी उचलत होतो, मुलगी तापली म्हणून कासा गावच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होतो, पावसाळ्यात घराचं कूड पडलं ते शेणामातीने लिंपत होतो, तेव्हा हा दोन मजली बांधत होता. बायको बँकेत. एकोणनव्वदला त्याला निरोप दिला तेव्हाही त्याचंच भलं झालं होतं. झालं असं होतं, की जिल्ह्याच्या टीमसाठी माणसं बघायला एक साहेब आले, अख्खा सामना बघितला, आणि म्हणाले, हा दहा नंबर आमच्याकडे द्या. चुरी म्हणाले, परदेशी आहे. साहेब हळहळले. "तुमच्या तालुक्यात असा एखादा पोरगा असता तर," ते म्हणाले, आणि लाहूच्या खांद्यावर हात ठेवला. लाहू हसला नाही, बोलला नाही. त्याने नियम पाळला, आणि तो नियम त्याने पुढे इतक्या वेळा मनात मोडून पाहिला, की आता त्याला नीट आठवेना आपण तेव्हा गप्प होतो ते चुरींच्या भीतीने, की खांद्यावरचा हात बरा वाटत होता म्हणून. त्यानंतर स्पर्धेवाले पासपोर्ट मागायला लागले, आणि हार्योनोला त्याच्या देशाने तातडीने परत बोलावलं. शाल, श्रीफळ, गावातल्या फुग्यांच्या कारखान्यातर्फे फुगे. बँड लावून स्टेशनपर्यंत मिरवणूक. त्याला गाडीत बसवलं, गाडी हलली, बायका रडल्या. हार्योनो वाणगावला उतरला. पुढचंच स्टेशन. शाल घडी करून काखेत मारली, एसटीने चारोटी नाका गाठला, आणि जीपच्या टपावर बसून तळासरीकडे गेला. फुगे वाटेत एकेक करून फुटले, शेवटचा त्याने मुलीसाठी धरून ठेवला होता, तो घराच्या दारात.

"तो मी आहे," लाहू म्हणाला.

"हलू नको, कापेल," चिमणभाई म्हणाला. मग थोड्या वेळाने त्याच्या डोक्यात शिरलं, आणि त्याने वस्तरा बाजूला धरून एकदा खुर्चीकडे आणि एकदा भिंतीकडे पाहिलं. नीट पाहिलं, कारागीर माणूस होता. हनुवटी दोन बोटांत धरून डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. "जरा हाय," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "पण रंगात फरक हाय. तू पण काळा, तो पण काळा. त्याचा इम्पोर्टेड." आणि त्याने हनुवटी सोडली. त्या हाताची ऊब हनुवटीवर बराच वेळ राहिली. एवढ्या जवळून, एवढ्या उजेडात, हात लावून पाहिलेल्या माणसाला कळलं नाही, तर आता कळायचं तरी कुणाला आणि कसं, याचा विचार करत लाहू पैसे देऊन बाहेर पडला. बाहेर ऊन होतं. मासळीच्या टोपल्या घेऊन बायका चालल्या होत्या. त्यातल्या एकीने त्याला वाट सोड म्हटलं, आणि त्याला क्षणभर बरं वाटलं.

चुरींकडे तो गेल्या आठवड्यातच जाऊन आला होता. स्टेशनात, तिकिटाच्या खिडकीवर, रांगेत उभा राहून. नंबर आला तेव्हा चुरींनी मान वर न करता "कुठलं?" विचारलं, आणि मग मान वर केली. "हार्योनो," ते दबक्या आवाजात म्हणाले, "इथे कशाला आलास?" लाहूने सांगितलं. चुरी जाळीपलीकडे घामाघूम झाले. म्हणाले, मी सांगितलं की हा तो, तर दोन कप परत जातील. मी रेल्वेचा माणूस, माझी चौकशी लागेल. तू असं कर, आयुष्यात कधी खेळलोच नाही म्हण. "मग घेतील कसं?" लाहूने विचारलं. मागचा माणूस ओरडला, गाडी आली. चुरींनी सवयीने एक वाणगावचं तिकीट फाडलं आणि त्याच्या हातात दिलं.

मैदानावर प्रकल्पाचे क्रीडा अधिकारी गौरवसाहेब टेबल टाकून बसले होते. वय चोवीस-पंचवीस, टोपी, गळ्यात शिट्टी. शेजारच्या खुर्चीत सल्लागार म्हणून चुरी, पांढऱ्या सदऱ्यात, लाहूकडे न बघता. आलेल्या पोरांना शर्ट वाटले, हाताला येईल तो, आणि लाहूच्या हाताला दहा आला. खेळ सुरू झाला. बूट कुणाचे तरी मागून आणलेले होते, अंगठा दुखत होता, पण बॉल पायाशी आला आणि जुना आज्ञाधारकपणा त्याला आठवला. मधल्या वर्षांत पाय जड झाले होते. डोकं मात्र तिथेच होतं, समोरचा कुठे झुकणार ते दिसत होतं. तो दोन वेळा मोकळा सापडला. दोन्ही वेळा त्याने हात वर केला आणि उभा राहिला. बोर्डीचा एक लांब केसांचा पोरगा बॉल घेऊन येत होता, त्याने पाहिलंच नाही, आणि बॉल बाहेर घालवला. तिसऱ्या वेळी गोल समोर उघडा, गोलकीपर पडलेला, आणि लाहूच्या गळ्यात काहीतरी आडवं झालं, जुनं, वाळलेलं, घासासारखं. ते तो गिळू लागला आणि मग, का कोण जाणे, गिळायच्या ऐवजी उलटं झालं. "मना दे," तो ओरडला. आवाज एवढा मोठा आला, की समुद्राकडच्या सुरूच्या झाडांतले बगळे उडाले. पोरगा दचकला, दचकून त्याने बॉल दिला, आणि लाहूने तो न मारता, न उडवता, पायाने समजावत गोलात नेऊन ठेवला.

शिट्टी वाजली. गौरवसाहेबांनी त्याला टेबलापाशी बोलावलं. "पाय चांगला आहे," ते म्हणाले. "आधी कुठे खेळलास?" लाहूने चुरींकडे पाहिलं. चुरींनी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे पाहिलं. "पण एक सांगू?" गौरवसाहेबच पुढे बोलले. "आरडाओरडा फार करतोस. तुझ्या अंगावर दहा नंबर आहे म्हणून सांगतो. याच मैदानावर मी नववीत असताना हार्योनोला पाहिलंय. त्याचा आवाज ऐकला होता का कुणी? क्लास म्हणतात तो हा. मी त्याच्यामुळे या लाइनीत आलो." आणि ते चुरींकडे वळले. "काका, त्यालाच बोलावू या का? कोच म्हणून. विमानाचं तिकीट कंपनी देईल. तुमचा संपर्क आहेच."

"हो, हो," चुरी म्हणाले. "कळवतो की."

लाहूला दिसलं, की हे होणार. चुरी कळवणार, मग हार्योनो येणार, म्हणजे वाणगावला जाऊन डहाणूला उतरणार, आणि मग कायमची नोकरी लागणार, पण त्याला. लाहू गप्प बसून पगार घेणार, आणि मरेपर्यंत कुणाशी बोलणार नाही.

"तो मेला," लाहू म्हणाला.

गौरवसाहेबांनी टोपी काढली. "कोण?"

"हार्योनो. झाडावरून पडला."

"तुला कुणी सांगितलं?"

"चुरीसाहेबांनीच, मगाशी. तुम्हाला सांगायला त्यांचा जीव होत नव्हता."

लाहूने चुरींच्या डोळ्यांत हिशेब चाललेला पाहिला: नाही म्हणावं तर तो जिवंत, जिवंत तर आणावा लागणार, आणि आणायचा तर समोर उभा आहे तो तयार नाही. चुरींनी हळूच रुमाल काढला. "आठवडा झाला," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखरच चिरकला. एवढी वर्षं त्याचं लग्न, त्याचं घर त्यांनीच तर उभं केलं होतं.

सगळी पोरं ओळीत उभी राहिली. दोन मिनिटं शांतता. लाहू ओळीच्या टोकाला, मान खाली घालून, दुखऱ्या अंगठ्याकडे बघत. शेजारचा पोरगा कुजबुजला, "कोण होता रे?" आणि लाहूने खांदे उडवले. शांतता संपल्यावर गौरवसाहेबांनी डोळे पुसले आणि जाहीर केलं, की आजपासून आपल्या टीममध्ये दहा नंबर कुणी घालायचा नाही, तो हार्योनोचा राहील. "काका, त्या मुलाकडून शर्ट घ्या. त्याला दुसरा कुठलाही द्या."

चुरी शर्ट घ्यायला पुढे आले. लाहूची पाठ त्यांच्याकडे होती, आणि तो काही वळला नाही. "हा," चुरी म्हणाले, आणि थांबले. ते नाव आता घेता येत नव्हतं. ते आत्ताच सगळ्यांनी उभं राहून पोचवलं होतं. "ए," ते म्हणाले. लाहू वळला नाही. मैदानावर एवढ्या पोरांना 'ए' म्हणता येतं. मागे चुरींचा श्वास ऐकू येत होता, जुन्या कपाटात काहीतरी शोधावं तसा. लाहूच्या पाठीवरून घाम दहाच्या शून्यातून खाली उतरत गेला. आठवत नसेल, तर हे असंच चालणार. उन्हात, एकमेकांमागे उभे.

"लाहू," चुरी शेवटी म्हणाले. "लाहू वरठा."

तो वळला.

"ओळखता तुम्ही याला?" गौरवसाहेबांनी टेबलावरून विचारलं.

चुरींनी रुमालाने कपाळ पुसलं, मान पुसली, आणि मग त्याच बेधडक आवाजात, ज्या आवाजात शेठना भात म्हणून सांगितलं होतं, ते बोलले. "ओळखतो म्हणजे? आमचाच आहे. तळासरीचा. हार्योनोचा राखीव खेळाडू होता."

"मग आधी नाही का सांगायचं," गौरवसाहेब उठून उभे राहिले. "याला घ्यायलाच पाहिजे. त्याची एवढी तरी आठवण राहील." त्यांनी लाहूचा हात हातात घेतला आणि दाबला. "पण मी सगळे सामने पाहिलेत. तू आठवत नाहीस. कधी संधीच नाही मिळाली का रे?"

"नाही साहेब," लाहू म्हणाला. "तो कधी बाहेर बसलाच नाही."